पाचवा सिलिंडर

गाडी दुरुस्त कर, असं आई एकदाही म्हणाली नाही. ती म्हणाली, "का बंद पडली तेवढं मला शोधून दे."

बाबा नोव्हेंबरात गेले. हे एप्रिलमधलं. मधल्या काळात मी रोज कुणा ना कुणा अनोळखी माणसाला फोनवर शशिधर या नावाचं एकेक अक्षर सांगत होते: बँक, पेन्शन, कौन्सिल, ग्रंथालयाचं कार्ड. पलीकडचा माणूस दरवेळी सॉरी म्हणायचा आणि जन्मतारीख विचारायचा. यादी संपत आली तेव्हा एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे घरामागच्या गॅरेजमधली गाडी.

माझा धाकटा भाऊ क्षितिज तिकडे लंडनच्या बाजूला, बेसिंगस्टोकला असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर सरळ सांगितलं की विकून टाकू. "तो तसा पण चालत नाही ना. नॉन-रनर म्हणून पण लोक घेतात."

"ती," आई म्हणाली. "ती चालत नाही."

"तेच. ती चालत नाही, मग तिला कशाला ठेवायचा?"

फोन ठेवल्यावर आई माझ्याकडे वळली आणि का बंद पडली ते शोधून द्यायचं बोलली. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते, माझी स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला नेते तेव्हा पावतीवरचे शब्दही मला कळत नाहीत, असं मी म्हणाले. "पुस्तकात असेल की," आई म्हणाली. आमच्या घरात हा वाद तिथेच संपतो.

बाबा भूलतज्ज्ञ होते. सारी नोकरी इथे वेल्समध्ये, कार्डिफच्याच इस्पितळात झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी १९६८ सालची अमेरिकन मस्टँग गाडी घेतली, गडद हिरवी, आठ सिलिंडरची. ते तरुणपणी इथे नवीन होते तेव्हा इस्पितळातला एक सर्जन तशी गाडी घेऊन यायचा, आणि बाबा ड्यूटी संपल्यावर बसची वाट बघत उभे असायचे. एवढंच कारण. आईला ती गाडी आवडत नसे, पण तिने ती घरातलं माणूस म्हणून मान्य केली होती. दर दसऱ्याला तिची पूजा व्हायची. लंडनच्या वेम्बलीहून कुणी आलं तर झेंडू, नाहीतर सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती. चाकाजवळ नारळ फोडायचा, मग बाबा आत बसून चावी फिरवायचे आणि आख्ख्या गल्लीला दसरा कळायचा.

तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला ती सुरू केली नाही. बाबांनी इंजिनाचं काहीतरी खोललं होतं. उद्या करतो म्हणाले. मग त्यांना छातीचा संसर्ग झाला, हिवाळा त्यातच गेला. मार्चमध्ये त्यांनी चावी फिरवली तेव्हा टक असा एकच आवाज आला. इंजिन आतून जखडलं होतं. बाबा बराच वेळ गॅरेजमध्ये होते. आत येऊन हात धुताना म्हणाले, "माझंच काहीतरी राहिलं."

पुढचे दोन उन्हाळे ते इंजिन खोलणार होते. खुर्चीत बसून जाडजूड मॅन्युअल वाचायचे, पण पाना हातात घ्यायचे नाहीत. आई त्यांना आरंभशूर म्हणायची, आल्यागेल्यासमोरही. बाबा हसायचे. त्यांचे मित्र मोहनकाका, तेही इथलेच, निवृत्त फॅमिली डॉक्टर, दर फोनला विचारायचे, "काय शशी, तुझा पेशंट शुद्धीवर आला का?" बाबा म्हणायचे, अजून नाही.

मग स्ट्रोक आला. स्कॅन दाखवताना इस्पितळातली डॉक्टर म्हणाली की आधी लहानसहान होऊन गेले असावेत, लक्षातही आले नसतील. ती सहज बोलून गेली. आईने ते वाक्य उचललं आणि त्याला मागचं सगळं जोडून टाकलं. इंजिन जखडलं कारण हे तेल घालायला विसरले. स्वतःच म्हणाले होते की काहीतरी राहिलं. आणि इंजिन जखडलं त्याच सुमाराला मोहनकाकांना फोन करून यांनी विचारलं होतं की नारळाच्या पाण्याने लोखंड किती दिवसांत गंजतं. काका घाबरून आईला म्हणाले होते, वहिनी, जरा लक्ष ठेवा, काहीतरी विचित्रच बोलत होता. आईने तेव्हा लक्ष दिलं नव्हतं.

"माणूस विसरायला लागला होता," ती मला म्हणाली, "आणि मी त्याला आळशी म्हणत बसले. तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर."

हे वाक्य ती पूर्ण करत नसे. पण गाडीबद्दल ती काय विचारत होती ते मला समजलं होतं. तिला इंजिनाचं नाही, स्वतःचं कळून घ्यायचं होतं.

मी दर शनिवारी आईकडे जायला लागले. आधी नुसती योजनाच करत होते. वाचून कळलं की पहिल्यांदा इंजिन खोलणारे लोक खोलताना चुकत नाहीत, परत जोडताना चुकतात, कारण कुठला बोल्ट कुठला हे त्यांनी लिहिलेलं नसतं. हे काम मला येण्यासारखं होतं. मी फ्रीजरच्या पिशव्या आणल्या, चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक पायरीचे फोटो. आधी बॅटरी सोडायची, मग पाणी आणि तेल काढायचं, मग वरचे अवयव, मग सिलिंडरांवरचं जड झाकण म्हणजे हेड, आणि शेवटी साखळीच्या कप्पीने आख्खं इंजिन उचलून स्टँडवर टांगायचं. शेवटच्या पायरीपर्यंत मी पोहोचेन असं मला खरंच वाटत नव्हतं. पण तेव्हा मला कशातच पोहोचायचं नव्हतं. समोर एका वेळी एक बोल्ट असावा, इतपतच माझी ताकद होती.

आई घडीच्या खुर्चीवर येऊन बसायची. बाबा काम करायचे तेव्हाही ती तिथेच बसायची, असं तिने सांगितलं. मांडीवर जुन्या सुती साडीचे तुकडे. मी काढलेली प्रत्येक वस्तू तिच्या हातात जायची आणि पुसून पिशवीत पडायची.

"हे काय?"

"माहीत नाही. डावीकडचं आहे."

"बरं. डावीकडचं," असं म्हणून ती पुसायची.

पहिल्याच शनिवारी मी तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल होतं, खुणेपर्यंत, आणि मधासारखं स्वच्छ. मी पट्टी आईसमोर धरली. तेल घालायला ते विसरले नव्हते, मी म्हणाले.

तिने पट्टी निरखून पाहिली. "नंतर घातलं असेल. चूक लक्षात आल्यावर."

तसंही असू शकत होतं. मी पट्टी पुसून परत खोचली.

नंतरच्या शनिवारी स्पार्क प्लग काढले. आठही आठ. सात इतके घट्ट होते की मला पान्याला लोखंडी नळी लावून लोंबकळावं लागलं. पाचवा, डाव्या रांगेतला पहिला, नुसत्या बोटांनी फिरला. त्याच्या भोकाच्या तोंडाशी कापडाचा बोळा कोंबलेला होता, गंज सोडवायच्या तेलात भिजलेला. सुती साडीचाच तुकडा. मी छोटा कॅमेरा आत सोडला. इतर सातही सिलिंडर करडे आणि कोरडे होते. पाचव्याच्या भिंतीवर तपकिरी कडं होतं, विहिरीच्या कठड्यासारखं खडबडीत.

आईला मी एवढंच सांगितलं की पाणी शिरलंय, एकाच सिलिंडरमध्ये. कुठून ते शोधावं लागेल. पाणी म्हटल्यावर तिने गॅरेजच्या छताकडे बघितलं. छत कोरडं होतं.

मी घरी जाऊन त्या बोळ्याचा विचार करत राहिले. बाबांना सिलिंडर माहीत होता. आठांतला नेमका एक. ज्याला कळत नाही तो आठही भोकांत तेल ओततो. त्यांनी एकाच भोकात तेल घातलं, बोळा लावला, प्लग वर टेकवला आणि दोन वर्षं मॅन्युअल वाचत बसले.

मेमधल्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला आई मंडळाच्या बायकांबरोबर देवळात गेली होती. मी एकटीच होते. एअर फिल्टरचं गोल झाकण काढलं, खाली कार्ब्युरेटर. बाहेरून तो चकचकीत पुसलेला होता, पण स्क्रूंच्या खाचांमध्ये लाल रंग होता. मला तो गंज वाटला. मी बोट फिरवलं, वास घेतला. गंजाला असा वास नसतो. मी चार नट सोडवले आणि कार्ब्युरेटर उचलून बाजूला ठेवला.

त्याच्याखाली, जिथून हवा आणि पेट्रोल आठ वाटांनी आत जातं, तिथल्या खोलगट भागात तांदूळ होते. काळपट पडलेले, काही तुटलेले. दोनचारांना अजून कुंकवाची छटा होती. त्या ठिकाणाहून चिकट, वाळलेल्या पाकाचा ओघळ डावीकडे गेला होता, पाचव्याच्या वाटेला.

मी आईच्या खुर्चीवर बसले. मग मोहनकाकांना फोन लावला आणि विचारलं, बाबांनी नारळाच्या पाण्याबद्दल नक्की काय विचारलं होतं.

काकांनी आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाले की ते त्यांच्या मनाला फार लागून राहिलं होतं. शशीने विचारलं की नारळाचं पाणी लोखंडावर पाच महिने राहिलं तर लोखंड किती खाईल, साध्या पाण्यापेक्षा जास्त का, त्यात मीठ आणि साखर दोन्ही असतं म्हणून. काकांनी चेष्टा केली: आता नारळपाण्याने भूल देतोस की काय. शशी हसला नाही.

"आणखी काही म्हणाले?"

"म्हणाला, हिला बोलू नकोस. म्हणूनच तर मी वहिनींना लगेच सांगितलं, वरदा. मला वाटलं, हा काहीतरी लपवतोय. डॉक्टर माणूस, स्वतःची लक्षणं लपवतो. आम्ही सगळेच लपवतो."

लपवत होतेच, मी म्हणाले. पण लक्षणं नाही. मी त्यांना अक्षतांचं सांगितलं.

"अरे देवा," काका म्हणाले. "आणि आता वहिनींना काय सांगणार तू?"

ते मलाही माहीत नव्हतं. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने तांदूळ मिनिटात ओढून घेता आले असते. सील गेलं होतं, हवेतला ओलावा शिरला, असं सांगता आलं असतं, आणि पुस्तकात तसं आहे म्हटल्यावर आईने मान्यही केलं असतं. बाबांनी हेच केलं होतं. तिला कळू नये म्हणून सगळं स्वतःवर घेतलं होतं. तिच्यासमोर इंजिन खोलायचं नाही म्हणून ते खोललंच नाही, आणि तिने आरंभशूर म्हटलं तेव्हा हसून घेतलं. ते प्रेम होतं, याबद्दल मला शंका नाही. पण त्या प्रेमाचं पुढे काय झालं ते मी बघत होते. त्यांनी न सांगितलेल्या गोष्टीतून आईने त्यांचा आजार तयार केला होता आणि त्या आजाराला स्वतःची हयगय जोडून ती रोज घेऊन झोपत होती.

मी तांदूळ तसेच ठेवले.

आई चारला आली. प्रसादाचा शिरा आणला होता. तिने तो मला हात धुवायला न लावता चमच्याने भरवला, कारण माझे हात काळे होते. मी पुन्हा गॅरेजमध्ये गेले, ती मागोमाग आली आणि खुर्चीत बसली.

मी विचारलं, "त्या वर्षीची पूजा कशी केली होतीस, आई? दसऱ्याची."

"दरवर्षीसारखी. का?"

"सांग ना."

तिने सांगितलं. बॉनेट उघडंच होतं. हे आत गेले होते, पुण्याहून त्यांच्या बहिणीचा, आत्याबाईंचा फोन होता, सोनं घ्या सोनं द्या चाललं होतं त्यांचं. तिला देवळात जायचं होतं, उशीर होत होता, म्हणून तिने ताट आणलं आणि स्वतःच सुरुवात केली. हळदकुंकू, फुलं, अक्षता. नारळ तिने दाराच्या पायरीवर फोडला आणि पाणी वाटीत धरलं.

"दरवर्षी आपण चाकावर घालतो," ती म्हणाली. "पण मला ते कधी पटलं नाही. नैवेद्य कुणी पायावर घालतं का? त्या दिवशी इंजिनाचं तोंड उघडं होतं. ह्यांनीच दाखवलं होतं मला मागे, हे बघ, इथून श्वास घेतं. म्हटलं आज नीट होईल. म्हणून मी..."

ती थांबली. तिचा हात अजून वाटी कलती केल्यासारखा होता.

तिने माझ्याकडे बघितलं, मग इंजिनाकडे. उठताना तिने मडगार्डाचा आधार घेतला. मी दिवा धरला. ती वाकून बराच वेळ बघत राहिली, मग दोन बोटं आत घालून एक दाणा उचलला आणि डोळ्यांजवळ नेला.

"बासमती," ती म्हणाली. "त्या वर्षी आंबेमोहर मिळाला नव्हता."

"हो."

"ह्यांना माहीत होतं?"

"पाचव्या सिलिंडरमध्ये तेल घालून ठेवलं होतं. फक्त पाचव्यात. वरचं कुंकू पुसलेलं होतं. आणि मोहनकाकांना विचारलेलं ते नारळाचं पाणी हेच, आई. ते भलतंसलतं बोलत नव्हते. त्यांना नेमकं तेच विचारायचं होतं."

ती खाली बसली. दाणा तिच्या तळहातावर होता.

"म्हणजे ते विसरत नव्हते."

एका इंजिनावरून माणसाच्या मेंदूचं सांगता येत नाही, हे मला तिला सांगावं लागलं. ते छोटे स्ट्रोक झालेही असतील, कधी ते कुणालाच कळणार नाही. पण त्या मार्चमध्ये, त्या गॅरेजमध्ये, बाबांना सगळं समजत होतं. तेल भरलेलं होतं. माझंच काहीतरी राहिलं म्हणाले, ते झाकण लावायचं राहिलं असेल. त्यात खोटं काही नव्हतं. बाकीचं त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही.

आई रडेल असं मला वाटलं होतं. मी त्याची तयारी केली होती, म्हणजे साडीचा एक स्वच्छ तुकडा वेगळा ठेवला होता. ती रडली नाही. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला, आणि तो चेहरा मी ओळखते. बाबा ओल्या बुटांनी स्वयंपाकघरात आले की तो व्हायचा.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी ह्यांना चारचौघांत काय काय बोलले. आणि हे हसत होते? मला काय काचेची समजत होते?"

"आई."

"तू थांब. सांगायचं होतं ना. सांगायचं, बाई, तू नारळ ओतलास, इंजिनाचं वाटोळं केलंस. मी भांडले असते. म्हणाले असते, मग झाकण कशाला उघडं टाकून गेलात बहिणीशी गप्पा मारायला? दोन दिवस बोललो नसतो. मग झालं असतं, संपलं असतं की."

आता ती माझ्याशी बोलत नव्हती. गाडीशीही नाही. गाडीपलीकडच्या भिंतीशी, जिथे पाने मापाप्रमाणे टांगलेले होते, तिथे ती बघत होती. अहो, म्हणाली. अहो, इतकं चांगलं वागायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझ्या वाट्याचं भांडणसुद्धा खाऊन बसलात. डॉक्टरनं काहीतरी म्हटलं आणि मी सहा महिने स्वतःला खात बसले, ते तुम्हाला बघायला लागलं नाही. बघायला थांबलातच कुठे. तिचा आवाज चढला. बाबा गेल्यापासून तो चढला नव्हता. नोव्हेंबरपासून ती त्यांच्याबद्दल इतक्या मऊ, जपून, भूतकाळात बोलायची की मला ते ऐकवत नसे.

शेजारच्या बागेत कुणीतरी गवत कापायचं थांबवलं. आईला त्याचं काही वाटलं नाही. तिच्याकडे पुष्कळ होतं: सेव्हर्न ब्रिजवर चुकलेला रस्ता, चुकवलेल्या सुट्ट्या, माझ्या बारशाला लेट येणं. सगळं वर्तमानकाळात, सगळं अहोजाहोत.

मी खूप दमले होते. बसावंसं वाटत होतं, पण खुर्ची एकच होती. तेव्हा मी पाना घेतला आणि डाव्या बाजूच्या हेडचा पहिला बोल्ट सोडवायला लागले. तो हलेना. मी नळी लावली आणि सगळं वजन टाकलं.

"उलटा फिरवतेस का तू?" आईने मधेच विचारलं.

"नाही गं."

"बघ हं." आणि ती परत भिंतीकडे वळली. "आणि ते आत्याबाईंचं..."

बोल्ट कर्रकन सुटला. मी तो तिच्यापुढे धरला. तिने बोलता बोलताच हात पुढे केला.